समोरच्याची बाजू

शेफील्डात, जिथे पूर्वी सुऱ्यांना धार लावत
त्या खोलीत ऑल्डरॉइडचा ड्रमसेट मांडलाय.
वरचे दोन माइक मी बुटाच्या नाडीनं मोजते:
स्नेअरच्या मध्यापासून याला जेवढी, त्यालाही तेवढीच,
नाहीतर आवाज एका अंगाला कलतो
कडेवर पोर घेतलेल्या बाईसारखा.
किकच्या पोटात एक, जुन्या ब्लँकेटला टेकून.

"कुठे बसून ऐकायचं?
तुझ्या स्टुलावर, की समोर?"
तो खांदे उडवतो.
त्याचा डावा कान
तीस वर्षं झांजांच्या शेजारानं झिजलाय,
बारीकसारीक तिथून आत येतच नाही.

मी समोरची बाजू धरते.
त्याचं डावं उजवीकडे.

पहिला टेक ऐकताना
तो हेडफोन काढतो, उलटसुलट बघतो, पुन्हा घालतो.
उजव्या कानात हाय-हॅट,
मिटता मिटता राहिलेली फट, चिस्स,
दर चौथ्या मात्रेला केसभर उशिरा.

"हे मी करतो?"

"कायमच," बेस पुसत हेझल म्हणते,
"मी त्या उशिरावरच पाय ठेवते."

तो गप्प. मग: "पुन्हा घेऊ."

दुसरा टेक अगदी वेळेवर आला.
मी पहिलाच ठेवला.