सहावं कुलूप

सोहारला ऑगस्टात पहाटे चारलाच घाम सुटतो.
सात नंबरचा बेल्ट उभा. लोखंडाची लाल धूळ
भुवयांवर, चहाच्या कपात, हजेरीच्या वहीत.
मी परमिट ऑफिसातला माणूस. काम साधं:
कोण आत गेला ते लिहायचं,
कोण बाहेर आला ते लिहायचं.

आधी वीज तोडतो. मग हवेच्या नळीतला दाब सोडतो,
ती डिवचलेल्या मांजरीसारखी फिस्कारते आणि गप्प होते.
मग वजन. बेल्ट ताणून धरणारं चार टनांचं वजन
साखळीनं बांधतो, खाली टेकू देतो,
कारण बंद केलं म्हणजे संपलं असं नसतं.
बंद यंत्राच्या पोटात बरंच काही उरतं
आणि ते कुणाच्या तरी हाताची वाट बघतं.

शेवटी, सगळं झाल्यावर, सुरूचं बटण दाबून बघायचं.
काहीच होत नाही.
तेवढं काहीच न होणं
मला रोज नव्यानं आवडतं.

मग लाल कुलपं. शाजीचं, टेकबहादुरचं, लखविंदरचं,
खमीस आणि मुराद या बलुशी भावांचं, विश्राम कुळयेचं.
एका कुलपाला एकच किल्ली,
आणि ती ज्याच्या त्याच्या खिशात.
बायकोलासुद्धा द्यायची नाही, असं मी नव्या पोरांना सांगतो.
ते हसतात.

जुबैलला, आधीच्या कंपनीत, कुलपं नव्हती.
पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीनं बांधायचो: माणूस आत आहे.
एके दिवशी वारा सुटला.
त्याचं नाव इथे लिहीत नाही.
त्याच्या घरी सांगितलंय, उंचावरून पडला.

तर त्या दिवशी, दुपारच्या सक्तीच्या सुट्टीआधी,
पाच कुलपं निघाली. सहावं लटकलेलं.
कुळये, वय बेचाळीस, फोटोत कान पुढे आलेले.
फोन बंद.
धक्क्यावर जहाज ताटकळलेलं, कंट्रोल रूम तापलेली:
एका कुलपासाठी? कटर आण, तोड!
खमीस शिफ्टचा मुख्य. दारात उभा राहिला.
आधी माणूस, म्हणाला, मग कुलूप.

आम्ही शोधलं. बेल्टखाली, रोलरमागे, संडासात.
च्युटमध्ये बॅटरी मारून मी ओरडलो, कुळयेऽऽ
आतून माझाच आवाज लाल होऊन परत आला.
मेसमध्ये नाही. खोलीत नाही. कॉटवर घडी न घातलेली चादर.
ऊन असं की रेलिंगला हात लावता येईना,
आणि माझे तळवे गार.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.
मस्कतचा विमानतळ. मागे घोषणा.
बाप गेला, म्हणाला. कॅम्प बॉसनं तसंच गाडीत घातलं.
किल्ली खिशातच ऱ्हायली रं,
तपासणीत मशीन वाजली तवा कळलं.

फॉर्मवर प्रश्न छापलेला आहे, विचारावाच लागतो.
मी विचारला: कुळये, तू यंत्राच्या आत नाहीस ना?
तो इतका वेळ गप्प, मला वाटलं लाइन गेली.
मग म्हणाला, नाय.
मी भायेर हाय.

गेटच्या वहीशी वेळ जुळवली. खमीसनं सही केली, मी केली.
कुलूप तोडलं तेव्हा कुणी बोललं नाही.

महिन्यानं आला. डोक्यावर नुकते उगवलेले केस.
टेबलावर किल्ली ठेवली.
हिचं कुलूप?
तोडलं, म्हणालो.
किती वेळ थांबलं होतं जहाज?
दोन तास दहा मिनिटं. आणि वर फॉर्म भरायची पंधरा.
माझ्यासाठी?
तुझ्यासाठीच, दुसरं कोण.

तो खिडकीतून धक्क्याकडे बघत राहिला.
तिथे दुसरंच जहाज होतं.
बाबा असते तर सांगितलं असतं, म्हणाला,
खोटं वाटलं असतं त्यांना.

मी नवं कुलूप काढलं. वहीत नंबर लिहिला.
इथे सही कर, म्हणालो.
जुनी किल्ली त्यानं परत मागितली.
नियमात बसत नाही.
दिली.