दाराआडची भिंत

लातुरात घर बघायला गेलो
की छप्पर मी नंतर बघतो.
आधी नळ उघडतो. सूंऽऽ करून हवा येते.
ती सूं किती लांबते, त्यावर
मनातल्या मनात दोन लाख खाली उतरतो.

मन्मथअप्पा बिडव्यांचं घर क्लासेसच्या मागच्या गल्लीत.
दीड गुंठा. मोरीकडच्या भिंतीला कमरेएवढी ओल.
पीआर कार्डावर अजून मेलेल्या भावाचं नाव.
अप्पा आडतीत मापाडी होते,
बत्तीस वर्षं दुसऱ्याची तूर तोलली.

उदगीरचा हॉस्टेलवाला त्यांना रोज फोन करायचा.
एका खोलीत सहा पलंग, त्याचा हिशेब पक्का.
तो वीस हजार चढला की मी पंधरा चढायचो.
शेवटी म्हणालो, पुतण्यांच्या सह्या मी आणतो,
तुम्ही तहसिलात पाय ठेवू नका.
आणि इसार पुढं केला.
अप्पांनी नोटा मोजल्या नाहीत,
तळहातावर तोलल्या.

मग महेबूब मिस्त्री.
ओल खरवडली, पुट्टीचे दोन हात, ओट्याला काळा ग्रॅनाइट,
दर्शनी भिंतीला तो करडा रंग
जो सध्या अख्ख्या गल्लीला आहे.

"काय करायलाव मिस्त्री, ही भिंत कशी राहिली?"
"दाराआड लिवलंय कायतरी. बगा एकदा."

पेन्सिलीनं, बारीक:
नळ ४ तारीख.
नळ १३.
नळ २४, गढूळ.
मग सगळा मे कोरा.
टँकर, घागरी ७.
टँकर, घागरी ५, भांडण.
एका ओळीत नुसतं: शेजारी दिल्या २.

"मारा पुट्टी," म्हणालो.
दिवसाला नऊशे रुपये व्याज चालू होतं माझं.

अहमदपूरहून सत्यशीलाबाई आल्या,
सरकारी दवाखान्यात नर्स, पोरगी यंदा अकरावीला.
ग्रॅनाइटकडं ढुंकून बघितलं नाही.
"बोअर किती फूट?"
"साडेसहाशे."
"आणि पाणी?"
याचं उत्तर माझ्याकडं तयार असतं. तोंड उघडलंच होतं,
तेवढ्यात कडी बसते का बघायला
त्यांनी दार आतून लावलं.

थाळीएवढी जागा. कोरडी, बिनपुट्टीची.
भोवती चारी बाजूंनी रंग नीट ओढलेला.
महेबूब छताचा पंखा बघत उभा.

बाईंनी बोट ठेवून वाचलं.
तारखांमधले खाडे पेरांवर मोजले,
दोनदा.
"पन्नास कमी करा."
चाळीसवर तुटलं.
वकील, स्टॅम्प, पुतण्यांचे चहापाणी वजा जाता
मला काय उरलं ते विचारू नका.

"पेन्सिल आहे का कुणाकडं?"
महेबूबच्या कानावर होती.
त्यांनी खालच्या रिकाम्या बोटभर जागेत
आजची तारीख टाकली
आणि पोरीला ओरडल्या, नळ सोड गं.

इसार अजून त्यांच्या पर्समध्येच होता.