दगड का नाही वेचले

सप्टेंबर. पीचची झाडं पानांआधीच गुलाबी,
आणि ओढ्याच्या सावलीत अजून बर्फाची एक मळकी पट्टी.
चर्चमागच्या उतारावर आज आमची रविवारची शाळा:
अकरा मुलं, दोन कुदळी, चाक डगमगणारी एक ढकलगाडी
आणि मी, मात्सेलिसो बाई, हातात शुभवर्तमान,
पानांत खूण म्हणून मोहरीची पुडी.

लेसोथोत आम्ही बाग गोल बांधतो,
कमरेएवढी, दगडांच्या कडेची,
एका बाजूला आत शिरायला चीर.
वरून घारीनं पाहिलं तर कुलपाचं भोक दिसावं.
मधोमध काटक्यांची टोपली; तिच्यात राख, शेण, सालपटं
आणि भांडी विसळलेलं पाणी, जे इथं कुणी फेकत नाही.
तळाशी गंजके डबे. पुसेलेत्सो विचारते,
"बाई, देवाच्या राज्यात डबेपण लागतात?"
लागतात, म्हटलं. आधी पाय काढ, कुदळ येतेय.

माझा बेत सोपा होता.
बागेतली चांगली माती, आणि बाहेर आणखी तीन जागा
चुन्यानं आखलेल्या: वाट, खडक, काटे.
प्रत्येकीवर चिमूटभर दाणे टाकायचे,
तीन आठवडे थांबायचं,
मग मुलांनी आपल्या डोळ्यांनी दाखला वाचायचा.

वाटेवर टाकायला कुणी तयार होईना.
"पाच मालोतीची पुडी आहे," दिमाकात्सो म्हणाली.
दुकान तिच्या मावशीचं.
मी म्हटलं, पाखरं येतील, वेचतील, तेच तर बघायचंय.
तिनं सात दाणे मोजून टाकले
आणि माझी पाठ वळल्यावर, मला वाटतं, पाच परत उचलले.

खडकापाशी मोहापी उभा होता.
मोहापी दोन रविवारांतून एकदा येतो,
खांद्याशी पिन लावलेलं घोंगडं, पायात गमबूट,
अंगाला मेंढरांचा वास. वाचताना अडखळतो.
सकाळपासून तो एकटा ओढ्यातून दगड आणत होता;
कुठला कुठे बसेल, ते तळव्यावर तोलून ठरवत होता.
मी सांगत होते: इथं माती थोडी, मूळ धरत नाही,
ऊन चढलं की कोंब करपतो.
"मग पेरणाऱ्यानं," तो म्हणाला,
"दगड का नाही वेचले?"

मुलं माझ्याकडे बघू लागली.
उत्तर मला येत होतं, लहानपणापासून पाठ:
दगड म्हणजे आपलं मन, बाळा.
पण त्याच्या हातात खराच दगड होता,
अंगठ्याच्या नखाशी रक्त,
आणि समोर अर्धी भिंत, त्यानंच रचलेली,
जी नसती तर आमची चांगली माती
एका पावसात दरीत गेली असती.
मी पुस्तक मिटलं. म्हटलं, दे इकडे, जड आहे.

तीन आठवड्यांनी
चांगल्या मातीत मोहरी चार बोटं. ठरल्याप्रमाणे.
काट्यांत एकच कोंब, पांढुरका, मान लांब केलेला.
खडकावर करपलेली दोन पानं. वाटेवर काही नाही.
आणि भिंतीत, दोन दगडांच्या फटीत,
जिथं टोपलीतलं पाणी झिरपत येतं,
कुणी न पेरलेलं एक रोप, सगळ्यांत हिरवं.
पुसेलेत्सो म्हणते, ते दिमाकात्सोच्या मुठीतून सांडलं.
दिमाकात्सो म्हणते, वारा.
मी त्याचा धडा केला नाही.

मोहापीनं ते पाहिलं नाही.
तो कळप घेऊन वरच्या कुरणांवर गेलाय,
आता एप्रिलपर्यंत खाली उतरायचा नाही.

माझ्या वहीत पुढचा दाखला हरवलेल्या मेंढराचा आहे.
एकासाठी नव्व्याण्णव रानात सोडून धनी निघतो, आणि इथं
मोहापी काय विचारील, मला आत्ताच ऐकू येतंय:
कोल्हे असतात, बाई. त्या नव्व्याण्णवांपाशी कोण होतं?

मी पान उलटलंय. सध्या आम्ही बीट पेरतोय.
तो दाखला एप्रिलमध्ये.