बर्फासाठी सोडलेली जागा

पाळी संपवून घरी येतो तेव्हा सकाळचे सहा,
कुओपिओत अजून रात्रच.
बूट रेडिएटरखाली, मोजे रेडिएटरवर,
कॉफी काळी,
आणि काल जसं थांबवलं तसंच थांबलेलं शहर:
पुलावर अर्धी चढलेली बस,
हवेत खिळलेला एक पांढरा पक्षी.
मी बटण दाबेपर्यंत तिथे कुणालाही उशीर होत नाही.

पहिला रस्ता मी सरळ काढला होता,
महामार्गापासून नदीपर्यंत, पट्टीनं ओढल्यासारखा.
डेपोतली हिल्क्का म्हणाली, नवशिके असंच करतात,
आठवड्यात तुंबेल.
चार दिवसांत तुंबला.
तीन लेन दिल्या तरी सगळे ट्रक एकाच लेनमध्ये,
शेपटीला नाक लावून उभे,
कारण पुढे चार किलोमीटरवर उजवीकडे वळायचंय
हे त्यांना जन्मतःच ठाऊक.
असली दूरदृष्टी काय कामाची!
मग गोल चौक काढले, मग गोलावर गोल,
सोडवता सोडवता आणखी बसते तशी गाठ.

पूल सोपा.
या काठावर क्लिक, त्या काठावर क्लिक,
खांब पाण्यात आपोआप उगवतात.
पण मुका असतो तो पूल.
खरे पूल मी दातांनी ओळखतो:
नांगराचं पातं सांध्यावर आपटतं
आणि दाढेत कळ जाते, पुलागणिक वेगळी.
नांगर आपला म्हणायचा. बत्तीस वर्षं नांगरतोय,
मागे कधी काही उगवलं नाही,
वळून बघावं तर पुन्हा पांढरं.

बोगद्याची मात्र गंमत.
रस्ता जमिनीखाली ढकलला की डोंगर काचेचा होतो,
आतल्या गाड्या दिसतात,
कापलेल्या वारुळातल्या मुंग्यांसारख्या.
सुरुंग नाही, धूळ नाही, पाणी झिरपत नाही,
पैसे कापले जातात तेवढाच आवाज.
खऱ्या बोगद्यात शिरलो की मी पातं उचलतो.
आत बर्फ नसतो.
अख्ख्या रात्रीत तेवढंच एक मिनिट वीस सेकंद
कुणाचं माझ्याकडे काही काम नसतं.
खेळात मी बोगदे गरजेपेक्षा जास्त बांधतो.

परवा नव्या पुलाच्या उताराखाली एक घर येत होतं.
क्लिक केलं तर खेळानं नाव सांगितलं:
वेन्ला कोर्पेला, ज्येष्ठ नागरिक,
शिक्षण कमी, समाधानी.
समाधानी!
बुलडोझरचं चिन्ह तिच्या छपरावर लाल होऊन थांबलं.
माझं बोटही.
उतार वळवला मी, घराला वळसा घालून,
दिसायला अगदी मोडलेल्या कोपरासारखा.
वाहतूक चौऱ्याऐंशी टक्क्यांवरून एकाहत्तरवर आली,
खालच्या पट्टीत लोक मला नावं ठेवतात.
ठेवोत.

इल्मा, माझी मुलगी, एस्पोत रस्त्यांचे नकाशे काढते,
खरे.
रविवारी पडद्यावर तिला शहर दाखवलं.
बराच वेळ बघून म्हणाली,
"इसा, प्रत्येक रस्त्याच्या कडेला ही रिकामी पट्टी कसली?
आणखी एक लेन सहज बसली असती."
"बर्फ कुठे टाकणार मग?"
"या नकाशात बर्फ पडतच नाही. ताडाची झाडं आहेत बघ."
"पडला तर?"
ती हसेल असं वाटलं होतं.
तिकडून पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.
"किती मीटर सोडतोस?"
आकडा सांगितला. बसथांब्यापाशी थोडा जास्त,
कारण म्हाताऱ्या माणसांना ढीग चढता येत नाहीत,
आणि ती तसं सांगतही नाहीत,
नुसती उभी राहतात.

आता झोपायचं. त्याआधी एकदा बटण दाबतो.
बस पूल उतरते, पक्षी सुटतो.
वेन्ला कोर्पेला थांब्यावर उतरते
आणि फुटपाथ सोडून
गवताच्या त्या पट्टीवरून घराकडे निघते.
खेळाच्या नियमात हे बसत नाही बहुतेक.
मी खिडकीचा पडदा ओढून घेतो.
बाहेर पुन्हा सुरू झालाय.