मोड

बहात्तर सालच्या चैत्रात कयाधूच्या वाळूत
झिरे उकरले तरी वाटी बुडेना,
तेव्हा आमच्या दुकानात भांडी यायची वजनावर :
पिचलेली घागर, कान तुटलेलं घंगाळ,
माहेरचं नाव कोरलेली परात.
बाप तोलायचा, मी वहीत लिहायचो,
मोड, तांबे. मोड, पितळ.

कौसाबाईनं पदरातून काढलं ते भांडं नव्हतं.
तळहाताहून थोडं मोठं, गोल, जड,
कुंकवाच्या थरांनी लिंपलेलं.
"जगदंबा हाय. खाली वाघ बगा की.
मपल्या आईनं जन्मभर पुजली.
पर किती दिस नुसती बसवून ठिवू?"

पाणी मागायची सोय नव्हती,
चिंचेलाच जे काही ओलं होतं त्यावर बापानं घासलं.
कुंकू निघालं तसा वाघाचा सिंह झाला,
शिरस्त्राण घातलेली बाई निघाली, हातात डहाळीचं कडं,
आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन मासे.
"देवीजवळ मासे कामून?" बाप म्हणाला.
मग चौकटीत इंग्रजी अक्षरं उगवली.
मी सातवीतला. बोटानं चाचपत मोठ्यानं वाचलं :
डी. एच. ओ. एन. डी.

धोंडी.
तराजूचा काटा थांबला असं लिहिणार होतो,
पण तो हलतच होता.

धोंडिराम. आधीची तीन गेली म्हणून धोंडा,
म्हणजे काळानं उचलू नये.
हिंगोलीच्या नव्या टेसनातून
खच्चरांच्या पलटणीबरोबर गेला तेव्हा
कौसाबाई पोटात चार महिन्यांची.
पोहणं म्हणाल तर कयाधूच्या डोहात, तेही श्रावणात.

मग एक कागद आला.
पोस्टमास्तर अर्थ लावून म्हणाला, बेपत्ता.
यशवदा म्हणाली, पत्ता तर तुमीच लिवून देत व्हता,
बसरा, फलाणी पलटण.
मंग बिनपत्त्याचा कसा?

आगबोटीचं नाव तिला 'सलमा' असं ऐकू आलं.
सलमेसंगं गेला, सलमेसंगं बुडाला,
पाणवठ्यावर बायका पदर तोंडाला लावून बोलायच्या.
कुणाकुणाला सांगावं की सलमा लोखंडाची होती,
तिच्या पोटात दोनशे खच्चरं बांधलेली,
आणि रात्री खालून काहीतरी येऊन लागलं.
सुरुंग म्हणे. पण पाण्यात सुरुंग कोण पेरतं?
हे सांगताना कौसाबाई हसली. दात नव्हते.
"दावी सोडायला खाली उतरला आसंल.
आई म्हनायची, त्याचा सोभावच तसा."
हे कुणीही पाहिलेलं नव्हतं.

दर सहामाहीला यशवदा खजिन्यात अंगठा उठवायची,
भोवऱ्यांचा काळा ठसा,
आणि कलदार रुपये मोजून घ्यायची, हाली नव्हे.
बांगड्या फोडल्या नाहीत. मढं दावा, मंग फोडते.
सरकारनं ही चकती धाडली,
ती तिनं देव्हाऱ्यात ठेवली
आणि रोज नेमकं त्याच्या नावावर कुंकू वाहिलं,
इतकं की नाव बुजून गेलं.
तिला ठाऊक होतं का,
हे बापानं विचारलं नाही.

बराच वेळ तो चकती फिरवत राहिला.
'परत न्या' म्हणाला नाही.
आमच्याही घरी सुकडीवर दिवस चालले होते.
अठ्ठावीस तोळे भरली.
मी लिहिलं : मोड, काशे, गोल.
जिन्नस या रकान्यात काय लिहावं कळेना,
तो तसाच सोडला.
कौसाबाईनं पैसे कनवटीला लावले,
पायरी उतरली, पुन्हा चढून वर आली.
"मासे व्हते का पर खरंच?"
दोन, बाप म्हणाला.

पोळ्याच्या तोंडावर भट्टी लागली.
त्या काशाच्या बैलांसाठी घाटी ओतल्या,
पण त्या वर्षी बैलच विकले गेले होते,
घाटी कुणी घेतल्या नाहीत.
ओतण्याआधी मी वाकून मुशीत पाहिलं :
सिंह गेला, बाई गेली,
आणि मासे बराच वेळ दिसत होते.
बाप म्हणाला, मुशीत काही दिसत नसतं,
मागं हो, भाजशील.