बिल्ले

सोहारच्या बंदरामागे, रिफायनरीच्या सात नंबर टाकीपाशी
माझं काम एवढंच:
भोकाशी बसायचं.
आत जाणाऱ्याचा बिल्ला फळीवर टांगायचा,
बाहेर आला की काढून त्याच्या हातात द्यायचा.
कागदावर याला होल वॉच म्हणतात.
आमच्याकडे म्हणायचे लॅम्पबाबू.

वणीकडच्या तीन नंबर खदानीत
आधी पाट्या भरल्या अकरा वर्षं,
मग तीनशे साठ दिवे आले माझ्या ताब्यात.
शिफ्ट सुटली की मोजायचे.
दिवा परत आला म्हणजे माणूस आला.
एकदा दोन खुंट्या रिकाम्या राहिल्या
सकाळच्या चहापर्यंत.
त्याबद्दल मी बायकोशीही बोललेलो नाही.

मग धोरण आलं. धोरण वरूनच येतं,
आम्ही दोनशे ऐंशी मीटर खाली,
पोचायला जरा वेळ लागला.
खोलातला कोळसा परवडत नाही, असं निघालं
टनामागच्या हिशेबात.
त्यापेक्षा जमिनीचं झाकणच काढा.
पर्मनंट होते ते गेले उघड्या खदानीवर, डंपरच्या धुळीत.
आम्ही ठेक्यावरचे,
आमचं काय करायचं ते कुठल्याच पानावर नव्हतं.
शेवटच्या पाळीला तीनशे साठचे तीनशे साठ दिवे परत आले.
हिशेब इतका चोख जुळल्यावर
खुंट्यांकडे बघवेना.

कोळसा संपत आला की खाली एक रीत असते:
उलटं चालत यायचं,
आपणच राखलेले खांब काढत,
मागे छत पाडत.
पडायच्या आधी छत बोलतं,
बारीक, वाळली शेंग तडकावी तसं.
मंगरू टेकाम काठीने ठोकून सांगायचा,
टण बोललं तर बस, ढब बोललं तर पळ.
इथे कॅम्पच्या मेसमध्ये टीव्हीवर मंत्री बोलतात,
उत्पादन विक्रमी, सूर्य मुबलक, आयात लवकरच कमी.
मी ताटाशेजारी बोटाने टेबल ठोकून बघतो.
ढब.

आत उतरणाऱ्यांत एक बख्त रवान आहे, शांगल्याचा.
त्याचे दोघे भाऊ अजून क्वेट्ट्याकडच्या खदानीत.
पहिल्या दिवशी त्याने माझ्या कोपरावरचा व्रण पाहिला
आणि न बोलता स्वतःची बाही वर केली.
कोळसा कातडीखाली राहून गेला की निळा होतो.
आमच्या सरकारांचं आपसात पटत नाही.
निळा तोच.

धक्क्यावर अधूनमधून काळी पूड भरून जहाज निघतं,
तेल गाळून उरलेली, कोळशाची सावत्र बहीण.
क्रेनवाला म्हणाला, तुमच्याकडेच जाते, सिमेंटच्या भट्ट्यांना.
घरची चूल बुजवली
आणि शेजारून निखारा मागून आणला!
मला हसू आलं. मास्कमध्ये हसलं की चष्म्यावर वाफ येते,
तेवढ्यात कुणी आत गेलं का म्हणून
मी घाईघाईने काच पुसली.

दर दोन वर्षांनी व्हिसासाठी छातीचा फोटो.
यंदा डॉक्टरीण थांबली स्क्रीनपाशी.
सिगारेट?
नाही.
पेनाचं टोक एकेका ठिपक्यावर टेकवत राहिली,
माझ्याकडे न बघता.
मीच बघितलं:
फासळ्या एकाखाली एक, छताला दिलेल्या टेकूंसारख्या,
आणि त्यांच्यामधल्या अंधारात
तीन नंबर चालू होती.
तिथवर कुणाची ऑर्डर पोचलेली नाही.

निकाल रविवारी.
तोवर भोकाशी बसलोय.
सकाळी सहा बिल्ले टांगले, आता एकच उरलाय,
बख्त रवानचा.
भोंगा होऊन गेला. आतला पंखा मोठ्याने घरघरतो,
हाक पोचत नाही.
मी टाकीच्या पत्र्यावर ठोकतो.
थोडा वेळ काहीच नाही.
मग आतून तो ठोकतो.
टण.
मी वहीत वेळ लिहितो.