फक्त वाचण्यापुरतं

आई तळघरात आहे.
म्हणजे बटाट्यांच्या पोत्यामागे,
आंबवलेल्या कोबीच्या बरणीला टेकून
जी काळी पेटी हिरवा डोळा उघडा ठेवून बसते,
तिच्यात.
चौदा जीबी आई,
पंचाण्णव सालच्या हिवाळ्यातली,
बाबांच्या हलत्या हातांनी टिपलेली.

मी वर, तिसऱ्या मजल्यावर.
इद्रिया गावातली पाऱ्याची खाण बंद पडली,
बायकांच्या मांडीवरची लेस अजून चालू आहे.
उशीवर टाचण्यांचं रान, लाकडी दांड्यांच्या सात जोड्या
आणि एक वळण, जे मला येत नाही.
आईला यायचं.

डबल क्लिक केलं.
प्लेअर म्हणाला, थांबा, आधी सगळं वर आणतो.
सगळं?
मला एक्केचाळिसावं मिनिट हवंय फक्त.
पण त्याचा खाक्याच असा,
पाहुण्यानं घोटभर पाणी मागितलं
की हा विहीर उपसायला घेणार.
तीन टक्के. चार टक्के.
चहावर साय धरली.
सदुसष्टाला टेम्प फोल्डर भरला
आणि खिडकी काहीतरी पुटपुटून मिटली.

भाच्याला फोन लावला. गाश्पेर,
ल्युब्लियानात कुणाकुणाचे सर्व्हर सांभाळतो.
तोंडात घास होता त्याच्या.
"मावशी, माउंट कर."
म्हणजे?
"म्हणजे तळघर ही तुझ्याच घरातली खोली आहे
असं मशीनला पटवून द्यायचं."
आहेच की, मी म्हटलं,
एकोणसाठ पायऱ्या खाली.
"मशीनला पायऱ्या दिसत नाहीत गं."

मग काळ्या खिडकीत तो सांगत गेला, मी टंकत गेले.
सुडो म्हणजे घरमालकिणीच्या आवाजात बोलणं,
ते मला जमलं.
एक रिकामा फोल्डर केला, नाव ठेवलं क्लेट,
आमच्या भाषेत तळघरच.
मग एक लांबलचक ओळ,
लेसच्या नमुन्यासारखी, मोकळ्या जागासुद्धा मोजून.
एक स्वल्पविराम निसटला
आणि दोनदा सगळं उसवलं.
शेवटी त्यानं विचारलं, लिहायची मुभा ठेवू?
नको, म्हटलं. फक्त वाचण्यापुरतं.
रात्री अकरानंतर माझ्या बोटांचा भरवसा नाही.

एंटर.
काहीच झालं नाही.
"काहीच झालं नाही म्हणजे झालं,"
असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

आता पट्टीवर कुठेही बोट ठेवा,
आई तिथून सुरू होते.
बाराव्या मिनिटाला नाक पुसते.
तिसाव्याला बाबांवर करवादते,
माझं तोंड नको, हात घे, हात!
एक्केचाळीस.
हात. डावी जोडी वर, टाचणी दातांत,
आणि बाबांनी कॅमेरा खिडकीकडे वळवला.
बर्फ.
समोरच्या छपरावर बर्फ, पुरतं दीड मिनिट.
मी बाबांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

मागे नेलं. पुन्हा बर्फ.
एकदा तर नुसतं वर्तुळच फिरत बसलं,
जुन्या दगडी भिंती, वायफायही दमतं.
सातव्या खेपेला मी डोळे मिटून घेतले
तेव्हा ऐकू आलं.
टक. टकटक.
जरा खंड.
टक.
लाकडावर लाकूड.
एक टक म्हणजे ओलांडणं, दोन म्हणजे पीळ,
आणि खंड पडतो तिथे टाचणी.
बर्फाच्या अलीकडे ती विणतच होती की.

आवाज वाढवला. उशी पुढे ओढली.
ती पुढे गेली की मी तिला मागे आणते,
ती कुरकुरत नाही, हे नवीनच.
माझं चुकतं, मी उसवते.
ती खोकते, तो खोकला तसाच राहतो.
बाबा विचारतात, छान दिसतंय ना गं बाहेर?
मला काय विचारतोस, ती म्हणते,
माझी मान खाली आहे.

दोन टाचण्या झाल्या.
अजून अकरा.